महागडे औषध आणि विम्याचा आधार

(बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील नागरिकांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजारपण सांगून येत नाही, हे खरेच आहे. परंतु महागड्या औषधाचा खर्च मात्र पुष्कळदा सांगून येतो. डॉक्टर तपासणीचे अहवाल पाहतात, रोगाचे नाव सांगतात आणि ‘हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यावे लागेल’ किंवा ‘ही गोळी आता दीर्घकाळ चालू ठेवावी लागेल’ असे बजावतात. हे सांगणे आणि औषधाचा पहिला डोस यांच्यामध्ये बहुधा काही दिवसांचा अवधी असतो. त्या अवधीत कुटुंब काय करते, यावर औषधाचे पैसे विमा देणार की घरची जमीन देणार, हे पुष्कळ अंशी ठरत असते. सीमाभागातील कुटुंबांना हा अवधी कसा वापरता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सीमा आणि दवाखान्याची वाट

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले आणि जहीराबाद, नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशास मिळाला. नकाशावर रेषा पडल्या; परंतु सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखान्याच्या वाटा तुटल्या नाहीत. औरादचा माणूस आजही उदगीरला जातो, आळंदचा रुग्ण सोलापूर गाठतो आणि भालकीहून लोक एकीकडे लातूर, तर दुसरीकडे बिदर-हैदराबाद असे दोन्ही दिशांनी उपचारासाठी जातात.

साध्या तापाच्या औषधाला सीमा आडवी येत नाही. औषधाचा खर्च हजारांत आणि लाखांत गेला म्हणजे मात्र शिधापत्रिका कोणत्या राज्याची, रुग्णालय कोणत्या योजनेत अंगीकृत, शिफारसपत्र कोणाचे, हे प्रश्न एकदम उभे राहतात. पाहुण्यांच्या ओळखीने गाठलेले रुग्णालय चांगले असते, उपचारही उत्तम होतात. पण ते रुग्णालय आपल्या योजनेत नाही, हे बिल हाती पडल्यावर कळते. म्हणून वाट धरण्यापूर्वी योजना कोणती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आधार कोणकोणते?

कर्नाटकात २०१८ पासून ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ ही योजना असून तिचा कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टमार्फत चालतो. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. इतर कुटुंबांना ठरलेल्या उपचारदराच्या ३० टक्के इतके साहाय्य, वर्षाला दीड लाख रुपयांच्या मर्यादेत मिळते. या योजनेचा एक नियम सीमाभागातील लोकांनी विशेष ध्यानात ठेवावा. रुग्णाने प्रथम सरकारी रुग्णालयात जावयाचे असते. तेथे तो उपचार उपलब्ध नसेल, तर तेथूनच शिफारसपत्र मिळते आणि मग अंगीकृत खासगी रुग्णालयाचा मार्ग खुला होतो. तातडीच्या प्रसंगास यातून सूट आहे. परंतु महिनोन्महिने चालणारे औषध हा बहुधा तातडीचा प्रसंग मानला जात नाही. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. कलबुर्गीस किदवई कर्करोग संस्थेचे केंद्रही आहे. हे शिफारसपत्र घेण्यासाठी बंगळूरपर्यंत जाण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती सर्व जिल्ह्यांत पोचली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने बेळगाव, उत्तर कन्नड, बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांतील ८६५ सीमावर्ती गावांच्या रहिवाशांना या योजनेचा लाभ देण्याचे ठरविले. या निर्णयावरून दोन्ही राज्यांत मतभेद झाले, हे सर्वश्रुत आहे. तो विषय येथे नाही. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, आपले गाव त्या यादीत आहे काय, कोणता पुरावा लागतो आणि आपण जाणार ते रुग्णालय या सोयीसाठी रुग्ण स्वीकारते काय, या तीन गोष्टींची खातरजमा घरून निघण्यापूर्वी १५५३८८ या क्रमांकावर करून घ्यावी. कर्नाटकाच्या योजनेची विचारपूस १०४ वर आणि आयुष्मान भारताची १४५५५ वर करता येते.

याखेरीज सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी कर्नाटकात २००३ मध्ये सुरू झालेली यशस्विनी योजना मध्यंतरी बंद पडली होती. ती २०२३ च्या आरंभापासून पुन्हा चालू झाली. कलबुर्गी जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांत किंवा अन्य आस्थापनांत जे विमाधारक कामगार आहेत, त्यांच्यासाठी कर्मचारी राज्य विमा आहे. या विम्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात रुग्णालयात दाखल न होता घ्यावयाची औषधेही मिळतात. अनेक कामगार कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि ती खासगी दुकानातून औषध घेत राहतात.

अशा योजनांनी प्राण वाचतात काय, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचे उत्तर याच विभागातून मिळाले आहे. कर्नाटकाची वाजपेयी आरोग्यश्री योजना फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वप्रथम तत्कालीन गुलबर्गा विभागात लागू झाली. योजना लागू असलेल्या प्रदेशाच्या कडेची गावे आणि तिला लागून असलेली, पण योजनेबाहेरची गावे यांची तुलना संशोधकांनी केली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. योजनेत येणाऱ्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण योजनेतील गरीब कुटुंबांत ०.३२ टक्के, तर योजनेबाहेरच्या गरीब कुटुंबांत ०.९० टक्के आढळले. हे आजार मुख्यतः हृदयविकार आणि कर्करोग हेच होते. शिवेच्या अलीकडे आणि पलीकडे माणसे तीच, रोग तेच. फरक होता तो खर्चाच्या आधाराचा.

योजना उपचाराचे पैसे देते, औषधाचे नव्हे

आता मुख्य अडचणीकडे वळू. शासकीय योजना ‘पॅकेज’ पद्धतीने चालतात. म्हणजे अमुक शस्त्रक्रिया किंवा अमुक केमोथेरपीचे एक आवर्तन यासाठी रुग्णालयास ठरावीक रक्कम मिळते आणि त्या रकमेतच खाट, तपासण्या व औषधे येतात. औषध महाग असले, पण ते पॅकेजच्या आत असले, तर रुग्णास एक पैसाही द्यावा लागत नाही. तेच औषध पॅकेजच्या बाहेर राहिले, तर हातात कार्ड असूनही खिशातून खर्च करावा लागतो.

औषध बाहेर राहते ते प्रामुख्याने तीन कारणांनी. पहिले कारण म्हणजे रुग्ण घरी परतल्यानंतरचा काळ. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढ्याच औषधांचा समावेश असतो. सोळाव्या दिवसापासून गोळ्यांचा खर्च कुटुंबावर येतो. महाराष्ट्राच्या योजनेत यासाठी पाठपुरावा सेवांची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. २०२३ मध्ये सीमाभागासंबंधी निर्णय झाला, त्या वेळी योजनेत ९९६ उपचार आणि त्यांखेरीज १२१ पाठपुरावा सेवा होत्या. पहिल्या उपचाराविषयी सर्वांना माहिती असते. पाठपुराव्याविषयी फार थोडे विचारतात. म्हणून घरी सोडतेवेळी आरोग्यमित्रास ‘या आजारासाठी पाठपुरावा सेवा आहे काय आणि पुढची तारीख कोणती?’ असे स्पष्ट विचारावे.

दुसरे कारण म्हणजे अपुरा प्रस्ताव. उदाहरण म्हणून औराद तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. घरातील बाईला स्तनाचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन सुचविले आहे. हे औषध ‘हर-टू’ नावाची खूण असलेल्या गाठीवरच उपयोगी पडते. त्या खुणेच्या तपासणीचा अहवाल पूर्वमान्यतेच्या प्रस्तावासोबत नसेल, तर मंजुरी अडणार हे उघड आहे. मंजुरी अडली की कुटुंब घाबरते. ‘एक डोस विकत घेऊ, पुढचे पुढे’ असे म्हणून म्हैस विकली जाते. मंजुरीपूर्वी विकत घेतलेल्या त्या डोसाचे पैसे परत मिळणे जवळजवळ अशक्य असते, कारण योजना रोकडरहित आहे. ती रुग्णालयास पैसे देते, रुग्णास नव्हे. वास्तविक त्या घरास म्हैस विकण्याची गरज नव्हती. गरज होती ती तपासणीच्या एका अहवालाची. औषध प्रथम आणि कागद मागाहून, हा क्रम येथे घातक ठरतो.

तिसरे कारण सीमाभागाचे खास आहे. शिधापत्रिका कानडीत, जुना दाखला मराठीत, आधारपत्र इंग्रजीत आणि तिन्हींवर नावाचे अक्षर वेगळे. कोठे वडिलांचे नाव मध्ये, कोठे गावाचे नाव आडनावाच्या जागी. निरोगी असताना ही बाब क्षुल्लक वाटते. संगणकावर मात्र एका अक्षराच्या फरकाने नोंद जुळत नाही. घरातील प्रत्येकाच्या नावाची दुरुस्ती सुगीनंतरच्या सवडीत करून ठेवावी. आजाराची वाट पाहू नये.

परवान्याबाहेरचा वापर म्हणजे काय?

कधी कधी डॉक्टर एक रोग असलेल्या रुग्णास दुसऱ्या रोगासाठी परवाना मिळालेले औषध देतात. यास वैद्यकीय परिभाषेत ‘ऑफ-लेबल’ वापर म्हणतात. यात फसवणूक असते असे मुळीच नाही. रिटुक्सिमॅब हे औषध मूळचे लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी आले. आज ते मूत्रपिंडाच्या काही विकारांतही वापरले जाते. बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगाचे औषध नेत्रतज्ज्ञ पडद्याच्या विकारांत डोळ्यात टोचून देतात, कारण त्याच कामाच्या खास औषधापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते. गुजरातेत काही रुग्णांच्या दृष्टीला अपाय झाल्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये औषध महानियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा दिला होता. पुढे मार्च महिन्यात तो मागे घेण्यात आला. यावरून दोन गोष्टी दिसतात. असा वापर शास्त्रशुद्ध असू शकतो आणि त्यासाठी जबाबदार हात व शुद्ध साठवण लागते.

विमा देणाऱ्याची शंकाही समजून घेतली पाहिजे. जो उपयोग परवान्यात नाही, त्यासाठी पैसे कोणत्या आधारावर द्यावयाचे, असा त्याचा प्रश्न असतो. खासगी पॉलिसींत तर ‘सिद्ध न झालेले उपचार’ वगळण्याचे कलमच असते. अमेरिकेत हाच प्रश्न उद्भवला, तेव्हा १९९३ च्या कायद्याने असे ठरविले की, कर्करोगावरील औषधाचा परवान्याबाहेरचा वापर मान्यताप्राप्त औषधसंदर्भ ग्रंथांत नमूद असेल, तर वृद्धांच्या सरकारी विम्याने तो खर्च द्यावा. त्यातील तत्त्व आपल्याकडेही उपयोगी आहे. ‘डॉक्टरांनी सांगितले’ एवढे पुरेसे नसते. डॉक्टरांनी ते कोणत्या पुराव्यावर सांगितले, हे कागदावर आले पाहिजे.

हैदराबाद येथे मुख्यालय असलेल्या भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी खासगी आरोग्य विम्यातील वगळणुकींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी, इंजेक्शनद्वारे द्यावयाची प्रतिपिंड औषधे आणि डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने हे उपचार आधुनिक उपचारांच्या यादीत घालून ते पॉलिसीतून वगळता येणार नाहीत, असे त्यांत स्पष्ट केले. कंपनी त्यांवर रकमेची मर्यादा घालू शकते. परंतु सरसकट नकार देऊ शकत नाही. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद येथील ज्या शिक्षकांनी व व्यापाऱ्यांनी खासगी पॉलिसी घेतली आहे, त्यांनी आपल्या पॉलिसीतील ही मर्यादा आजच वाचून ठेवावी.

पत्र कसे असावे?

पूर्वमान्यतेसाठी असो वा नकारानंतरच्या फेरविचारासाठी असो, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रात पुढील बाबी आल्या पाहिजेत :

(१) रुग्णाचे नाव कार्डावर आहे त्याच अक्षरांत, आणि कार्डाचा क्रमांक.
(२) रोगाचे निदान, अवस्था आणि निदानास आधारभूत अहवालांच्या तारखा.
(३) औषधाचे मूळ नाव, मात्रा, किती दिवसांनी आणि किती काळ.
(४) यापूर्वी कोणती औषधे दिली आणि ती का उपयोगी पडली नाहीत किंवा का सोसली नाहीत.
(५) हे औषध न दिल्यास काय होण्याचा संभव आहे.
(६) परवान्याबाहेरचा वापर असेल तर त्यास आधार असलेली उपचारतत्त्वे किंवा प्रसिद्ध संशोधन, प्रतींसह.

कामाच्या गर्दीत असलेल्या डॉक्टरांना असे पत्र लिहिण्यास सवड होत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून कुटुंबातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वरील मुद्दे कागदावर उतरवून न्यावेत आणि नम्रपणे पत्राची विनंती करावी. एका पानाच्या या पत्राने पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात.

नकार आला तर

नकार तोंडी ऐकून परतू नये. तो कारणासह लेखी मागावा. ‘कागद अपुरा’ असे कारण असेल, तर तो नकार नसून कागदाची मागणी आहे. कागद देऊन प्रस्ताव पुन्हा पाठविता येतो. ‘औषध यादीत नाही’ असे कारण असेल, तर यादीतील त्याच गुणाचे दुसरे औषध चालेल काय, हे डॉक्टरांना विचारावे. शासकीय योजनांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते. तिच्याकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. पॅकेजमध्ये मंजूर असलेले औषध अंगीकृत रुग्णालयाने रुग्णास बाहेरून विकत आणावयास लावणे नियमबाह्य आहे. तसे झाल्यास चिठ्ठी व पावती जपून ठेवावी आणि तक्रार करावी.

खासगी विम्याचा मार्ग वेगळा आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही अथवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकातील रहिवाशांसाठी हे कार्यालय बंगळूर येथे आहे. तेथे शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याचा विचार होतो आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. या मुदतीकडे दुर्लक्ष झाल्याने रास्त दावेही बुडतात.

औषधाची किंमत खाली आली तर

विमा हा एक आधार. किंमत हा दुसरा. सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना दिला आणि त्याच औषधाची किंमत ८,८८० रुपये ठरविली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या नव्या रूपास पेटंट नाकारले आणि त्याची स्वस्त भारतीय रूपे बाजारात राहिली. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय औषध दरनिश्चिती प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घातली.

या निर्णयांचा लाभ घरापर्यंत पोचावयाचा, तर चिठ्ठीवर कंपनीचे नाव नव्हे, औषधाचे मूळ नाव असले पाहिजे. मग जनऔषधी केंद्रात किंवा ‘अमृत’ औषध दुकानात चौकशी करता येते. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार निवडक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. सीमाभागास बंगळूर, हैदराबाद आणि मुंबई या तिन्ही ठिकाणची अशी केंद्रे उपलब्ध आहेत. येथे मात्र सीमा आडवी येत नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

समारोप

सर्वच औषधे विम्यातून मिळतील, असे आश्वासन कोणासही देता येणार नाही. काही प्रस्ताव नामंजूर होतील. काही औषधे यादीबाहेरच राहतील. परंतु जे मिळण्यासारखे होते, ते केवळ एका अहवालाअभावी, एका अक्षराच्या चुकीमुळे किंवा न मागितलेल्या लेखी उत्तरामुळे गमावले जाऊ नये, एवढे तरी निश्चित साधता येईल. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, आशा कार्यकर्त्या, सहकारी संस्थांचे चिटणीस आणि महाविद्यालयीन तरुण यांनी आपापल्या गावी हे काम अंगावर घ्यावे. गावातील किती कार्डांवर नावे बरोबर आहेत, किती रुग्ण महिनोन्महिने महाग औषध घेत आहेत आणि त्यांपैकी किती जणांनी आरोग्यमित्रास एकदा तरी विचारले आहे, याची नोंद एका वहीत होऊ शकते. ती वही ज्या गावात असेल, तेथे पुढच्या खेपेस डॉक्टरांनी औषधाचे नाव सांगितल्यावर घरचे लोक दलालाकडे नव्हे, त्या वहीकडे वळतील.